आडवळणाची कोयना

जुलै लागला की सांगली-कराडकडच्या माणसाला टीएमसी कळायला लागतो. एरवी लाइटबिलातले युनिट ज्याला उमगत नाहीत, तोही सकाळी टपरीवर पेपर उघडून "काल पाच वाढलं" असं जाहीर करतो, आणि समोरचा "मग सत्तरच्या वर गेलं म्हणायचं" असं म्हणत बशीत चहा ओततो. कशात वाढलं हे दोघांनाही बोलावं लागत नाही. वाढतं ते कोयनेत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे 2,800 कोटी. हा हिशेब टपरीवर कुणी मांडत नाही. धरणात 105 टीएमसी मावतं एवढं पाठ असलं की भागतं. पन्नासपर्यंत काळजी उसाची असते, नव्वदच्या पुढे घराची. धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, त्यावरून आयर्विन पुलाखाली पाणी कुठवर चढणार आणि कुणी फ्रीज माडीवर न्यायचा हे सांगलीत ठरतं. तिथे 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

याच बातमीच्या पोटात आणखी एक ओळ असते. महाबळेश्वर इतके मिलिमीटर, नवजा इतके, कोयनानगर इतके. नवजानं महाबळेश्वरला मागे टाकलं की वाचणाऱ्याला उगीचच बरं वाटतं, गावाकडच्या पोरानं शहरातल्या पोराला चीत केल्याचा आनंद होतो. नवजा नेमकं कुठे आहे हे मात्र त्याला विचारू नये. "धरणाच्या वरच्या अंगाला" इतपत उत्तर मिळेल. धरणाच्या वरच्या अंगाला काय काय आहे, हा सगळा मामला पेपरात येत नाही. तो पावसाचा नाही, खोऱ्याचा आहे.

या खोऱ्याची एक खोड आहे. इथलं काहीच सरळ जात नाही. पाणी जात नाही, वाट जात नाही आणि इतिहासही जात नाही.

खोड जन्मापासूनची आहे. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचं देऊळ आहे, तिथल्या गोमुखातून पाच नद्यांचं पाणी एकत्र येतं अशी श्रद्धा आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. एका घरातली भावंडं म्हणावीत तर स्वभाव अगदी वेगवेगळे. सह्याद्रीच्या माथ्यावर जन्मलेल्या नदीपुढे खरं तर दोनच पर्याय असतात. पश्चिमेला कड्यावरून उडी टाकायची आणि थोड्याच अंतरात समुद्र गाठायचा, हा पहिला. सावित्रीनं तो घेतला आणि ती बाणकोटच्या खाडीत मोकळी झाली. दुसरा मार्ग पूर्वेचा, दमानं पठार ओलांडत पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाण्याचा. कृष्णेनं तो घेतला. थोरलीला शोभेल असाच आहे. कोयनेनं दोन्ही नाकारले आणि ती सरळ दक्षिणेला निघाली.

सरळ म्हणजे किती, तर जवळजवळ 65 किलोमीटर. उजव्या हाताला सह्याद्रीचा मुख्य कडा, त्याच्या पलीकडे कोकण. डाव्या हाताला बामणोलीची डोंगररांग, तिच्या पलीकडे सातारा. मध्ये ही अरुंद, लांबोडकी घळ. इतकं अंतर नदी समुद्राला समांतर चालते. समुद्र कड्यापलीकडे हाकेच्या नाही तरी दिवसाच्या वाटेवर असतो, पण ती तिकडे वळूनही पाहत नाही. दगडातल्या उत्तर-दक्षिण भेगांच्या रेषेनं तिनं ही वाट कोरली असं मानतात. दगड म्हणजे आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मग हेळवाकपाशी कुणीतरी खांद्याला धरून फिरवावं तशी ती एकदम काटकोनात पूर्वेला वळते, पाटणवरून कराडला येते आणि तिथे कृष्णेला समोरासमोर भेटते. एका गोमुखातून निघालेल्या दोघी इतका वळसा घालून पुन्हा एकत्र येतात म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. कराडचे लोक संध्याकाळी तिथे भेळ खातात, आणि बरोबर करतात; एवढ्या प्रवासानंतर नदीलाही थोडी वर्दळ बघावीशी वाटत असणार.

पाऊसही या नदीइतकाच लहरी. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि कराडला जेमतेम सहाशे-सातशे. वरचा माणूस चार महिने इरल्याखाली वाकून भाताच्या खाचरात उभा; खालचा माणूस त्याच चार महिन्यांत आभाळाकडे बघत. दोघांची नदी एक.

अशा जागी राज्य करायचं तर सैन्य फारसं लागत नाही, रस्ते नसले की झालं. जावळीच्या मोऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. आदिलशाहीकडून त्यांना जहागीर होती आणि 'चंद्रराव' हा किताब होता, पण खरी सनद जंगलाची होती. विजापुराहून कुणी येऊन हिशेब तपासायचा म्हटलं तर येणाऱ्याचेच हाल. झाडी दाट, वाटा चोरट्या, माहीतगार फक्त मोऱ्यांचे. दुर्गम भागातला सरकारी कर्मचारी निवांत का असतो, हे कोडं मला जावळीचा इतिहास वाचल्यावर सुटलं.

शिवाजी महाराजांनी हे जंगल मोऱ्यांपेक्षाही चांगलं वाचलं. जानेवारी 1656 मध्ये त्यांनी जावळी घेतली. चंद्रराव निसटून रायरीच्या डोंगरावर गेला, महाराज त्याच्या मागोमाग, आणि रायरीही ताब्यात आली. पुढे याच रायरीचा रायगड झाला. म्हणजे स्वराज्याच्या राजधानीचा पत्ता एका अर्थी पळून जाणाऱ्या चंद्ररावानं दाखवला. त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली भोरप्या डोंगरावर प्रतापगडाचं काम सुरू झालं आणि खोऱ्याच्या तोंडावर पहारा बसला.

तीन वर्षांनी अफझलखान वाईला आला. त्याच्याकडे घोडदळ होतं, हत्ती होते, तोफा होत्या. म्हणजे सपाटीवर जे जे लागतं ते सगळं होतं. महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ यांनी त्याला डोंगरात भेटीला यायला राजी केलं, आणि एवढा मोठा लवाजमा रडतोंडीच्या घाटानं जावळीत उतरला. घाटाचं नावच रडतोंडी. स्थानिक माणसांनी ठेवलेल्या नावांकडे पाहुण्यांनी लक्ष दिलं असतं तर आपल्या इतिहासातली बरीच युद्धं टळली असती. 10 नोव्हेंबर 1659 ला पुढे काय झालं ते चौथीच्या पुस्तकापासून सगळ्यांना तोंडपाठ आहे, वाघनखांसकट. पण पोवाड्यांत शामियाना येतो तेवढं रान येत नाही, ही माझी तक्रार आहे. खान शामियान्यात पडला; त्याची फौज मात्र झाडीत हरली. घोड्याला दौडायला जागा नाही, हत्तीला वळायला जागा नाही, आणि प्रत्येक कारवीच्या गचपणामागे एक मावळा. त्या दिवसाच्या श्रेयात भूगोलाचा वाटा निम्मा तरी धरावा.

आता जावळी कुठे आहे, हेही जरा आडवळणानंच सांगावं लागतं. साताऱ्यात जावळी नावाचा तालुका आहे. त्याचं मुख्य ठाणं मेढा, आणि मेढा वेण्णेकाठी. ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते मूळ जावळी गाव महाबळेश्वर तालुक्यात, प्रतापगडाच्या पायथ्याच्या बाजूला. सातबारा काढायला निघालेल्या माणसाचा चंद्रराव होतो तो असा.

खोऱ्यात आणखी खाली, आजच्या बामणोलीच्या समोर, वासोटा आहे. व्याघ्रगड असंही त्याचं नाव आहे. हा किल्ला लढण्यासाठी फारसा वापरला गेला नाही. तो तुरुंग होता. इतक्या आडजागी नेऊन ठेवलं की पहारेकरी कमी लागतात. पहिले नामांकित कैदी इंग्रज. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला तोफा आणि गोळे पुरवले होते, त्याचा जाब 1661 साली विचारला गेला आणि काही इंग्रज व्यापारी या बाजूच्या किल्ल्यांत पाहुणचाराला आले. दीडशे वर्षांनी, इंग्रज-पेशवे युद्धात, पुन्हा दोन इंग्रज अधिकारी वासोट्यावर बंद होते. 1818 मध्ये किल्ला पडला तेव्हा ते सुटले. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच इंग्रजांनी वर महाबळेश्वरात थंड हवेसाठी वस्ती उभी केली आणि गव्हर्नर माल्कमचं नाव तिला दिलं. कड्याच्या टोकांना पॉइंट म्हणायची रीत तेव्हाची. खोऱ्याकडे वरून बघायचं, खाली उतरायचं नाही. आधीचे दोन अनुभव विसरले नसावेत.

या दोन कैदांच्या मधल्या काळातली ताई तेलीण मला जास्त आवडते. पंतप्रतिनिधींच्या बाजूची ही बाई. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांनी प्रतिनिधींना अटकेत टाकलं, तेव्हा 1806 च्या सुमारास तिनं वासोटा ताब्यात ठेवून कित्येक महिने गोखल्यांच्या फौजेला झुंजवलं. हरली शेवटी. पण पेशव्यांच्या उत्तम सेनापतीला इतके दिवस डोंगराखाली बसवून ठेवणं हे सोपं काम नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकात तिला जेमतेम ओळभर जागा मिळते. गडावर जाणारी मुलं तिथे सेल्फी काढतात, ताई तेलिणीचं नाव कुणी घेत नाही.

आणि मग इंजिनीअर आले. हे खोरं कुणाला फसलं असेल तर इंजिनीअरांना.

नदी 65 किलोमीटर कड्याच्या काठाकाठानं चालते आणि कड्याखाली कोकण कितीतरी खोल आहे, हे पाहून कुणाच्याही मनात येईल की हे पाणी पश्चिमेला सोडलं तर वीज होईल. टाटांच्या माणसांच्या मनात हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आलं होतं, जमलं नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारनं काम हाती घेतलं. 1954 ला सुरुवात झाली आणि दहाएक वर्षांत हेळवाकच्या वर 103 मीटर उंचीची आणि 800 मीटरहून लांब भिंत उभी राहिली. पाणी अडलं, त्याला शिवसागर नाव मिळालं, आणि ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पलीकडे पोफळीच्या भूमिगत वीजघरात जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली पडू लागलं. पोफळीतून सुटलं की पुन्हा कोळकेवाडीला अडवून त्याच्याकडून पुन्हा वीज काढून घेतली जाते. मग चिपळूणच्या वाशिष्ठीवाटे ते अरबी समुद्राला मिळतं. सावित्रीचा मार्ग जिनं जन्मापासून नाकारला, तिला महाराष्ट्र सरकारनं अखेर त्याच मार्गाला लावलं. सगळं पाणी पश्चिमेला नेऊ नये म्हणून कृष्णा लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादाही घालून दिली. त्यामुळे उन्हाळ्यात दरवर्षी एक भांडण होतं: पाणी खाली शेतीला सोडायचं की पलीकडे विजेला? या भांडणात खोऱ्यातल्या माणसाला कुणी विचारत नाही, कारण त्याची शेती आधीच तळाशी गेलेली असते.

वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी तर 1999 साली पाण्यानं भरलेल्या जलाशयाला तळातून, खालच्या बोगद्यातून सुरुंग लावून भोक पाडलं. त्याला लेक टॅपिंग म्हणतात. 2012 मध्ये पुन्हा तेच केलं. चारही टप्पे मिळून एकोणीसशेहून अधिक मेगावॉट वीज निघते. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते काही खोटं नाही. फक्त ज्यांच्या दारातून ही रेषा गेली त्या कित्येक वाड्यांवर दिवा लागायला पुढे वर्षानुवर्षं गेली.

खोऱ्यानं एकदा मात्र स्वतःहून तोंड उघडलं. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, सव्वाचार वाजून गेलेले. दख्खनचं पठार म्हणजे भूकंप न होणारी जागा, असं तोवर भूगोलाच्या पुस्तकात ठामपणे लिहिलेलं असायचं. त्या पहाटे 6.3 तीव्रतेचा धक्का बसला, सुमारे पावणेदोनशे माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं आणि वीज तुटल्यामुळे मुंबईतल्या गिरण्या थबकल्या. धरणाला तडे गेले, पण धरण राहिलं. जमिनीखालच्या जुन्या भेगांमध्ये जलाशयाचं पाणी मुरलं, तिथला दाब वाढला आणि आधीपासून ताणलेला खडक सरकला, असं या भूकंपाचं स्पष्टीकरण दिलं जातं. धरणामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक कोयनेचं नाव आदरानं घेतात. छोटे धक्के आजही चालू आहेत. गोठणे गावाजवळ 3 किलोमीटर खोल भोक पाडून शास्त्रज्ञांनी बघितलं, तेव्हा साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागला. खोऱ्यातल्या आजीला हे सगळं विचारावं तर ती म्हणते, "भांडी वाजली की समजायचं." तिच्या घरी भांडी वाजली की पेपरात दुसऱ्या दिवशी 2.8 असा आकडा येतो.

पाण्याआधी माणसंही इथून बाहेर जातच होती. डोंगरउतारावरची नाचणी आणि वरी चार-सहा महिने पुरायची, बाकीचे महिने मुंबई. जावळी-पाटणच्या गड्यांनी मुंबईच्या गोदीत, दाणाबाजारात पाठीवर पोती वाहिली. त्या माथाड्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि 1969 चा माथाडी कायदा हे त्या पाठींचं पहिलं सरकारी मोजमाप. आजही या गावांत गेलात तर घरं बऱ्यापैकी, रंग ताजे, आणि दाराला कुलूप. चैत्रातल्या यात्रेला सगळी कुलपं एकदम उघडतात. मग आठवडाभर प्रत्येक गावात नवी मुंबईचा एक सेक्टर भरतो, ट्रॅफिकसकट, आणि यात्रा उठली की पुन्हा वाडीत दोन म्हातारे आणि एक कुत्रं.

जलाशयानं गावांचं आणखी एक केलं. पूर्वी नदी ओलांडली की सोयरिकीचं गाव लागायचं. आता मधे पाणी. पाहुणे लाँचनं येतात, गाड्या तराफ्यावरून येतात, आणि लाँचवाल्याची सुट्टी हीच लग्नाची तारीख ठरवताना पहिली अडचण असते. ज्यांची जमीन बुडाली त्यांपैकी काही जण डोंगर चढून वर राहिले, काहींना रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत जमिनी दिल्या. पाच हजार मिलिमीटर पावसातला माणूस सोलापूरच्या उन्हात नेऊन उभा केला, आणि कागदावर लिहिलं: पुनर्वसन.

पुढे 1985 ला कोयना अभयारण्य झालं आणि 2010 ला चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पाण्यासाठी काही गावं उठली होती, आता वाघासाठी आणखी काही उठली. मोऱ्यांचं जंगल परत आलं म्हणायचं, फक्त या वेळी मोरे बाहेर.

आता पाळी पर्यटनाची. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. सोळशी आणि कांदाटी जिथे कोयनेच्या पाण्याला मिळतात ती जागा खरोखर सुंदर आहे. मग तिला दुसऱ्याचं नाव कशाला? काश्मीरच्या लोकांनी दल सरोवराला 'मोठं तापोळं' म्हणावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही, पण आपण तरी जावळीला जावळी म्हणावं. सरकारनं त्याही पुढे जाऊन याच डोंगरात दोनशेहून अधिक गावं धरून 'नवीन महाबळेश्वर' वसवायचं योजलं आहे. इतकी शतकं हे खोरं पोहोचायला अवघड म्हणून टिकलं. आता रस्ते रुंद होतील, पूल होतील, हॉटेलांना 'जावळी व्ह्यू' अशी नावं पडतील. स्थानिक पोरांना त्यातून काम मिळालं तर मी त्याच्या आड येणार नाही. गडावर बसून रानाचं कौतुक करणं सोपं असतं, तिथे दहावी पास होऊन बसून राहणं अवघड.

पण एक मागणी आहे, आणि ती माझी एकट्याची नाही. धरण पूर्ण होऊन साठ वर्षं उलटली तरी कोयनेच्या काही विस्थापितांची जमिनीची प्रकरणं अजून निकाली निघालेली नाहीत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची नातवंडं आज पाटण आणि साताऱ्याच्या कचेऱ्यांबाहेर धरणं धरून बसतात. नवीन महाबळेश्वराचा पहिला दगड बसवायच्या आधी त्या फायली सरकारनं बंद कराव्यात, आणि बंद म्हणजे जमीन देऊन.